महाग मुलगी

हशा थांबेना, म्हणून नसरीन माईक धरून तशीच उभी राहिली. रविवार दुपारचा प्रयोग होता आणि तिसऱ्या रांगेत टीव्हीचे दोन लोक बसले होते. सात वर्षं ती तोक्योतल्या असल्या तळघरांतून स्टँड-अप करत होती. बाबांचा किस्सा तिने आज पहिल्यांदाच काढला होता.

"शाळेच्या पालकसभेत माझे इराणी बाबा उठले," ती म्हणाली आणि मग बाबांच्या अडखळत्या जपानीत शिरली. "बाईंना म्हणाले, 'माझी मुलगी महाग आहे. सांभाळून वापरा.'"

लोक टाळ्या पिटायला लागले. मग तिने बाबांचं कमरेत वाकणं करून दाखवलं. सभेच्या आदल्या रात्री आरशासमोर त्यांनी केलेली त्या वाक्याची तालीमही दाखवली. ती तालीम तिने लहानपणी दाराच्या फटीतून पाहिली होती. कुणाला कधी सांगितली नव्हती.

दिवे लागले, तेव्हा मागच्या रांगेत केतकी दिसली. ओजिमाच्या सरकारी वसाहतीत नसरीन आणि बाबांच्या समोरच्या घरात राहणारी पुण्याची केतकी. तिच्या शेजारी बाबा बसले होते.

आपण गाड्यांवर आणि हवेवर विनोद करतो, असं नसरीनने त्यांना सांगून ठेवलं होतं.

"तुला सरप्राइज द्यायचं होतं गं," केतकी जिन्यात कुजबुजली. "काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, हसून हसून आलं."

बाबा फुटपाथवर उभे होते.

"बाबा, मला टीव्हीवर बोलावलंय! हाच किस्सा हवाय त्यांना. लोकांना तुम्ही फार आवडलात."

बाबा फारसीत एक वाक्य बोलले.

नसरीनला कळलं नाही. ती चार वर्षांची असताना आई गेली. पोर बालवाडीत कुणाशी बोलत नाही, घरी जपानीच बोला, असं बाईंनी सांगितलं आणि बाबांनी त्या दिवसापासून घरातली फारसी बंद केली. कारखान्यात दहा तास उभं राहून आल्यावर ते तिच्या चित्रांच्या पुस्तकातून जपानी शिकायचे. 'बाबा' सोडून फारसीतला एकही शब्द तिला येत नव्हता.

"जपानीत सांगा ना, बाबा."

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

कार्यक्रम टीव्हीवर झाला. स्टेशनवर लोक तिला ओळखू लागले. घरी बाबा तिच्यासाठी चहा ठेवत, जेवलीस का विचारत, निदान तिला तसं वाटे. सगळं फारसीत. कोपऱ्यावरच्या दुकानात मात्र ते जपानी बोलत. ती काही विचारायला गेली की ते एकच वाक्य ऐकू येई. ऐकून ऐकून तिला ते पाठ झालं.

तिसऱ्या आठवड्यात तिने इराणात शिराझला, थोडंफार इंग्रजी येणाऱ्या आत्याला फोन लावला. ते वाक्य अडखळत, जमेल तसं म्हणून दाखवलं. तिचे उच्चार ऐकून आत्या खळखळून हसली. नसरीनचे कान तापले.

मग आत्याने ते वाक्य तिला पुन्हा म्हणायला लावलं.

"हे तो तुला म्हणाला?" तिने विचारलं. "तो म्हणतोय, 'या भाषेत माझं काही चुकत नाही.'"