कच्ची भिंत

"भिंत कच्ची बांधायची," इंजिनिअर बाई तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा गवंड्याला हसूच फुटलं.

"मॅडम, पडणारी भिंत बांधायला गवंडी कशाला हवा?"

नदीकाठच्या पूरग्रस्तांसाठी सरकारी योजनेतून स्वस्तातली एकशेवीस घरं उभी राहिली होती. सगळी उंच खांबांवर, खाली मोकळं, पाण्याला वाट मिळावी म्हणून. त्यातलं एक गवंड्याला मिळालेलं. पण त्याच्या बापाचे गुडघे पार कामातून गेलेले. त्याला रोज जिना कसा चढवणार? म्हणून खाली खांबांच्या मध्ये एक खोली हवी होती. बाईने परवानगी दिली ती एकाच अटीवर. सिमेंट कमी घालायचं आणि भिंत खांबांना सळईने बांधायची नाही. पूर आला तर भिंत वाहून जाईल, घर राहील. भिंत तग धरून राहिली तर सगळा रेटा खांबांवर येईल आणि वरचं घर माणसांसकट खाली बसेल.

"आणि इशारा मिळाला की आजोबांना आधी वर न्यायचं," ती म्हणाली.

गवंड्याने मान डोलावली. बाईची पाठ वळली आणि त्याने खांबांना भोकं पाडून सळया बसवल्या. सिमेंट तर असं सढळ हाताने घातलं, जसं काही किल्ला बांधायचाय. बाप बाजेवर बसून बघत होता. तोही जन्मभर गवंडीच. चाळीस वर्षांत त्याची एक भिंत कलली नाही, म्हणून वस्ती त्याला ओळंबा म्हणायची. हात थकले तरी हत्यारांची पिशवी बाजेखाली असायचीच. ती तो कुणाला हलवू देत नसे.

"ती काय म्हणाली ते ऐकलंय मी," ओळंबा म्हणाला.

"तुम्ही आत झोपणार, बाबा. कच्ची बांधायला माझा हात धजत नाही."

"हट्टी लेकाचा. आईवर गेलास." पण भिंत सुकल्यावर म्हाताऱ्याने सांधा नखाने खरवडून पाहिला. नख मोडलं, तसा गडी खूश झाला.

दोन वर्षांनी वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. भर दुपारी, कसला इशारा नाही, काही नाही. गवंडी नदीपलीकडे कामावर होता आणि पूल पाण्याखाली गेला होता. बायकोचा फोन आला.

"अहो, घर हलतंय! बाबांच्या खोलीचं दार पाण्याने उघडत नाहीये, आणि ते आतून सारखे ठोकताहेत. मी खाली उतरू का?"

"नको. मुलींना सोडू नकोस," तो म्हणाला. एवढं बोलला आणि फोन तुटला.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. शेजारच्या ओळीत ज्या दोघांनी खाली पक्क्या खोल्या काढल्या होत्या, त्यांची घरं खांब मोडून बसली होती. गवंड्याचं घर उभं होतं. बाप खोलीच्या कोपऱ्यात चिखलात सापडला. बायकोचं एकच पालुपद चाललं होतं. "तासभर ठोकत होते हो. मला बोलावत होते, आणि मी गेले नाही."

इंजिनिअर बाई पाहणीला आली. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना माणूस जाईल एवढी भगदाडं पडली होती.

"आजोबांचं फार वाईट झालं," ती म्हणाली. "पण तुम्ही तरी माझं ऐकलंत. भिंत कच्ची होती म्हणून बाकीचे वाचले."

गवंडी भगदाडाशी उकिडवा बसला होता. सळया खांबांत तशाच घट्ट रोवलेल्या. उरलेल्या विटांच्या सांध्यांवर आतल्या बाजूने छन्नीचे घाव होते, एकापाठोपाठ एक, सरळ रेषेत. बापाच्या मुठीतून सोडवलेली छन्नी अजून त्याच्या खिशात होती. त्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग बाईकडे.

"मी पक्कीच बांधली होती, मॅडम. कच्ची बाबांनी केली."