घासलेलं फूल

मर्व्हिन नको नको म्हणत असताना त्याच्या मुलानं, कर्टिसनं, ती जपानी रायफल ओहायोतल्या बंदुकांच्या जत्रेत आणलीच. पारखी डेलनं ती भिंगाखाली धरली. नळीवरचं फूल, जपानी बादशहाची खूण, घासून काढलेलं होतं. जपानच्या शरणागतीनंतर जमा झालेल्या बंदुकांवरचं फूल असं घासूनच त्या अमेरिकी सैनिकांना वाटल्या जात. लढाईत हिसकावलेल्या बंदुकीवर ते शाबूत राही.

"लढाई संपल्यावर गेलो होतो जपानात. ढिगातून उचलली," मर्व्हिननं जन्मभराचं वाक्य पुन्हा म्हटलं. शेजारी त्याची जपानी बायको फुमिको बसली होती. तिच्या आईनं याच वाक्यावर त्याला जावई करून घेतलं होतं. फुमिकोचा थोरला भाऊ अमेरिकनांशी लढताना एका बेटावर मारला गेला होता.

डेल खदखदून हसला. "आजोबा, मला नका बनवू! हे सैन्याच्या यंत्राचं काम नाही, घरच्या कानशीचं आहे. फूल नंतर तुम्हीच घासलंय. म्हणजे ही भर लढाईतली. शंभर टक्के अस्सल!"

कर्टिसनं बापाच्या पाठीवर थाप मारली. "काय छुपे रुस्तम हो पप्पा! एवढे शूर, आणि आम्हाला ढिगातली म्हणून गंडवत होतात?" आजूबाजूच्या टेबलांवरून टाळ्या पडल्या.

मर्व्हिननं शेजारी बघायचं टाळलं. फुमिकोनं हातातला डोनट कागदावर ठेवला आणि बोटांची साखर पुसली.



"कुठलं बेट होतं, मर्व्हिन?"