कपाटातली ड्राइव्ह

“निघालास? जा की, बांधून कोणी ठेवलंय! पण आधी कपाटातली ड्राइव्ह आठव, मेहुणेबुवा!” दाजी काउंटरवरून कडाडले.

त्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे एका एसएसडीत, दाजींच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचं एकच रेकॉर्डिंग होतं. मेहुणा चालू सोल्डरिंग गन मधल्या फळ्यांच्या भिंतीला टेकवून जेवायला गेला आणि शेजारच्या शिंप्याचं दुकान जळून खाक झालं. लोकांनी शॉर्ट सर्किट म्हणून सोडून दिलं. खरं काय ते फक्त दाजींच्या कुलपात होतं. तेवढ्या जोरावर त्यांनी त्याला सात वर्षं त्या भट्टीसारख्या तापणाऱ्या पत्र्याच्या दुकानात राबवलं. दुसरीकडे काम मिळालं की दाजी किल्ली वाजवायचे, आणि हा मुकाट्याने लोकांच्या ड्राइव्ह पुसायला बसायचा.

प्रत्येक गिऱ्हाइकाला मात्र तो न चुकता सांगायचा, “ही एसएसडी नुसती कपाटात कोंबू नका हं. अधूनमधून कॉम्प्युटरला लावत जा. वर्षानुवर्षं उन्हाच्या तावात पडून राहिली, की आतलं आपोआप उडतं.” तेव्हा दाजींनी मोबाइलमधून मान वर काढली असेल तर शपथ.

“एकदा दाखवा तरी,” आज तो म्हणाला.

“दाखवतोच! कुणाच्या हाती लागेल म्हणून कॉपीसुद्धा काढली नाही. सात वर्षं बोट लावलं नाही तिला!” दाजींनी कुलूप उघडलं आणि ऐटीत केबल जोडली.

स्क्रीनवर आलं, ‘ड्राइव्ह वाचता येत नाही. फॉरमॅट करायची?’



“‘हो’ दाबा, दाजी. मला आता निघायचंय.”