भिंतीवरचं सांबर

शिकारबंदीचा नवा कायदा आला आणि वनरक्षक दामोदरपंतांच्या दिवाणखान्यात येऊन उभा राहिला. भिंतीवर सांबराची भलीमोठी शिंगं होती.

"शिकारीचा परवाना दाखवा पंत, नाहीतर खटला भरावा लागेल."

पंतांनी ओशाळून व्याह्यांकडे पाहिलं. सांबर अंगावर कसं धावून आलं, हे त्यांना आत्ताच, चहासोबत, चौथ्यांदा ऐकवून झालं होतं.

"मारलं नाही हो," पंत पुटपुटले. "जंगलात गळून पडलेली शिंगं उचलून आणली. सांबर दरवर्षी टाकतंच की."

व्याह्यांना ठसका लागला.

"तीस वर्षं हिलाही थापच मारत आलो," पंतांनी मान खाली घातली.

सुमतीबाई कपबशा उचलू लागल्या. "मला बघायला आलात, तेव्हा अंगणातल्या मुंग्यांना वळसा घालून आत आलात. शिकाऱ्याला मी होकार दिलाच नव्हता."