अजून थोडंच राहिलंय

"अजून नाही, आई. आत येऊ नकोस."

आई उंबरठ्यावरच थांबली. एक हात दाराच्या चौकटीवर, दुसरा हवेत. हल्ली ती घरात अशीच फिरायची, आधी हात पुढे आणि मागून आपण. लेकीने मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. ती स्क्रीनवरच्या चित्रात बाबांच्या हनुवटीवरचे दाढीचे खुंट रेखाटत होती, एकेक करून.

"हनुवटी कालच झाली म्हणालीस ना?"

"झाली होती. मग आज उजेडात बघितली."

बाबा फोटोग्राफर. अर्ध्या शहराची लग्नं त्यांनी टिपली, आणि स्वतःचा एक धड फोटो नाही. असणार कसा? कॅमेऱ्यामागचा माणूस कॅमेऱ्यापुढे येणार कधी? घर धुंडाळून जे काही सापडलं त्यात कुठे नुसती पाठ, कुठे खांदा, कुठे आरशात फ्लॅशचा पांढरा गोळा. ते गेले तेव्हा भिंतीवर लावायलाही काही नव्हतं. आणि आता आईची नजर चालली होती. कडांकडून अंधारत आली होती, मध्ये नळीतून बघावं तेवढंच उरलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काही लपवलं नाही. तेही जाईल म्हणाले, जे बघायचंय ते बघून घ्या.

"ह्यांना बघायचंय एकदा," आई म्हणाली.

"मग बोलवा की आत," डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर लेक हट्टाला पेटली, आठवणीतून बाबांचं चित्र काढायचंच. ती चित्रकार, कॉम्प्युटरवर डिजिटल पेनने चित्रं काढणारी. गोष्टींच्या पुस्तकांतले राक्षस ती हातासरशी काढून द्यायची. राक्षसाचं बरं असतं, तो चुकला असं कोणी म्हणत नाही. बापाचं नाक मात्र चुकतं. ती चित्र इतकं मोठं करून बघायची की स्क्रीनभर एकटी भुवई. भुवई जमली की गाल खटकायचा. गाल जमेपर्यंत भुवई पुन्हा खुपायला लागायची.

त्यातून बाबांचे दोन नियम तिच्या अंगात मुरलेले. अर्धवट काम गिऱ्हाइकाला दाखवायचं नाही. आणि फसलेली प्रिंट घरात ठेवायची नाही, तिथल्या तिथे फाडायची. म्हणून आईला दार बंद. म्हणूनच रोजचं चित्र ती कालच्यावर सेव्ह करायची, जुनी प्रत ठेवायची नाही म्हणजे नाही. बापाचा हट्ट पोरीत यावा, पण तो काय असा सगळाच्या सगळा?

धाकटा भाऊ येता-जाता टोमणा मारायचा, "ताई, बाबांच्या मिशा विंचरून झाल्या का?" एक दिवस मात्र तो हसला नाही. आई ग्लासाच्या बाहेर पाणी ओतत होती. पायांवर येईपर्यंत तिला ते कळलं नव्हतं.

"जसं आहे तसं दाखव," तो म्हणाला. "आजच्या आज."

"तिला एकदाच बघायला मिळणार, आणि ते चुकीचं दाखवू?"

"तिला चालेल चुकीचं."

"मला नाही चालणार."

तो सांडलेलं पाणी पुसायला निघून गेला. बोलून उपयोग नव्हता.

मग आईने दाराशी येणंच सोडलं. खरं तर लेकीच्या काळजात तेव्हाच धस्स व्हायला हवं होतं. पण तिला बरं वाटलं, निवांत काम होतं म्हणून. स्वयंपाकघरात अधूनमधून भांडं पडायचं. ती पेन हातात तसंच धरून क्षणभर कान द्यायची, आणि पुन्हा कामाला लागायची.

अखेर एका सकाळी कुठेच काही खटकेना. तिने पेन खाली ठेवलं. आईला हाताला धरून आणलं, खुर्चीवर बसवलं.

"बघ."

आईने तोंड खिडकीकडे केलं. स्क्रीन दुसऱ्या बाजूला होती. ऊन थेट डोळ्यांत येत होतं आणि तिची पापणी लवत नव्हती.

"आई, कधीपासून?"

"झाले काही दिवस. तुझं काम चाललेलं. म्हटलं, कशाला मोडता घाला."

लेक तिच्या खुर्चीपाशी खाली बसली. "मी तुला दाखवलंच नाही गं," ती म्हणाली.

"अगं, बघितलंय मी." आईला जरा हसूच आलं. "तू चष्म्याचा नंबर काढायला गेली होतीस ना, तेव्हा हा कॉम्प्युटर चालूच राहिला होता. काचेला नाक लावून बघितलं. अगदी हे होते. डावा डोळा बारीक केलेला, आता फोटो काढतायत असा. तुला बोलले नाही. म्हटलं, तू दाखवशील तेव्हा पहिल्यांदाच बघितल्यासारखं करीन. तो डोळा तसाच ठेवलास ना?"

लेकीने स्क्रीनकडे बघितलं. दोन्ही डोळे सारखे होते. तो बारीक डोळा तिला चूक वाटला होता. तिने तो उघडला, त्याला जुळवायला भुवई उचलली, मग गाल भरला, मग ओठ सरळ केले. समोर एक देखणा माणूस होता.

तिने घट्ट डोळे मिटून बाबांना आठवायचा प्रयत्न केला. तोच माणूस आला. तिने त्यांचा आवाज आठवला, हातांना येणारा फोटो धुण्याच्या औषधाचा वास आठवला, आणि मग पुन्हा चेहरा आठवून पाहिला. पुन्हा तोच.

"आई, मला बाबांचा चेहरा आठवत नाहीये."

आईने चाचपडत तिचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला.

"असू दे," ती म्हणाली. "मला दिसतायत ते."