देवक वेगळं

बेंबीवरचं फडकं पुन्हा भिजलं. सत्यशीलानं पदराचं टोक तिथं दाबून धरलं आणि ओठ बाळाच्या टाळूवर टेकवले. टाळू अजून ऊन होती.

नामांतराच्या बंदमुळं एसट्या उभ्या होत्या. ती, नवरा बन्सीधर आणि सासू नर्मदाबाई राणीसावरगावाहून मिळेल त्या ट्रकनं परभणीला पोचली होती. दवाखान्यातल्या नर्सनं नर्मदाबाईचे घारे डोळे पाहिले, सत्यशीलाचे पाहिले, आणि लेक का म्हणून विचारलं.

"सून हाय. पर लेकीवानी," नर्मदाबाई म्हणाली.

थोरली पोर अशीच नाळ पडताना गेली होती. मधला मुलगा रांगता रांगता उंबऱ्यावर आपटला; ओठातलं रक्त थांबलंच नाही. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. रक्त गोठवणारा एक घटक या मुलांच्या अंगात तयारच होत नाही, म्हणाले. आईकडून एक खोट येते, बापाकडून नेमकी तीच. एकेकट्या खोटीनं काही होत नाही, म्हणून आईबाप धडधाकट. दोन्ही एका मुलात भेटल्या की मूल असं जन्मतं. फार क्वचित, आणि बहुधा नात्यातल्या लग्नात.

"तुमच्या दोघांत रक्ताचं नातं आहे?"

बन्सीधरला ते लागलं. "न्हाई साहेब. ही येलदरीची. आडनाव येगळं, देवक येगळं. भावकीत कोन लगीन करतंय?"

मग नशीबच म्हणायचं, असं डॉक्टर पुटपुटले. दुसऱ्या कुणाशी लग्न झालं असतं तर दोघांचीही मुलं जगली असती.

सत्यशीलानं ते ऐकलं.

बाळाला रक्त चढवलं. बंद उठला, एसट्या सुरू झाल्या. परतीच्या गाडीत तिच्या मांडीवर नुसतं टोपरं होतं.

मग एक दिवस भाकरी थापता थापता ती बोलली.

"आत्याबाई, ह्यांचं दुसरं लगीन करा. या घरात एक तरी लेकरू जगू द्या. मी सांबाळीन त्याला. फकस्त मला हाकलून लावनारी आनू नका."

बन्सीधर ताटावरून उठून गेला. नर्मदाबाईनं डोळ्याला पदर लावला.

"तुला जीव लावील अशीच आनते. माज्यावर सोड."

नर्मदाबाई एकटीच बोलणी करून आली. चेहरा उजळलेला. कोण, कुठली, सांगेना; आली म्हंजी बघशील, एवढंच.

सत्यशीलानं जुनं टोपरं धुतलं, हुंगलं, पेटीच्या तळाशी ठेवलं. आपल्या लग्नातल्या खणाचा तुकडा कापून नवं शिवलं, बारीक टाके घालून. मूठ आत घालून ते गोल केलं आणि हळूच म्हणाली, "तू जगशील बरं का."

वऱ्हाडाची बैलगाडी दारात थांबली. भाकरतुकडा ओवाळून टाकायला सत्यशीलाच पुढं झाली. नवरी उतरली ती थेट तिच्या गळ्यातच पडली. पदर सरला. घारे डोळे भरून आले होते.

"आक्का," ती म्हणाली.

मागून सत्यशीलाचे वडील आबासाहेब उतरले. त्यांनी वाकून नर्मदाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"ताई, थोरली तुलाच दिली हुती, आता धाकटी बी तुज्याच पदरात. सख्ख्या भावाच्या लेकी, तुला परक्या न्हाईत."