उतरता पाळणा

व्हरमाँटच्या त्या स्वस्त स्की-टेकडीवर सारे काही भाड्याचेच होते. सात वर्षांच्या विनीला मिळालेल्या हेल्मेटचे बक्कल तुटके निघाले, तेव्हा ऑरिनने आपल्या बुटाची हिरवी नाडी काढून तिने हेल्मेट लेकीच्या हनुवटीखाली बांधले.

"पप्पा, माझा तर तू बूटच केलास."

"मग गप्प बस. बूट बोलत नसतात."

घटस्फोटानंतर ती प्रथमच त्याच्यासोबत सुट्टीवर आली होती, आणि डोंगरावर तिचा हात सोडणार नाही, असा शब्द त्याने तिच्या आईला दिला होता. म्हणून तारेवरून वर नेणाऱ्या दोघांच्या पाळण्यात बसताच त्याने आडवा दांडा खाली ओढला आणि तिचा हातमोजा मुठीत घट्ट धरला. पाळणा धुक्यात शिरला.

समोरून रिकामे पाळणे संथगतीने खाली परतत होते. वर उतरायला न जमलेले एखादे मूल त्यांतून परत येई; त्याचे तेथे कुणाला नवल नसे. तसेच एक मूल आता धुक्यातून प्रकट झाले. ते एकटेच होते आणि रडत होते. त्याच्या हनुवटीखाली हिरवी नाडी होती.

"पप्पा, रांगेत माझा हात का सोडलास?" समोरून विनी हुंदके देत म्हणाली. "मी एकटीच वर गेले. मला उतरताच आलं नाही."

तो पाळणा शेजारून सरकला आणि धुक्यात विलीन झाला.

त्याच्या मुठीतल्या हातमोज्याने त्याची बोटे हळूच आवळली.

"तिकडे बघू नकोस, पप्पा," अगदी कानाशी विनीचाच आवाज आला. "बूट बोलत नसतात."